तट्टूची पहिली गाडी : टेप आधी, सौदा नंतर

[दृश्य : माळेगावचा घोडेबाजार, सकाळची वेळ. दावणीला ओळीनं तट्टं.]

मार्गशीर्षात नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावला खंडोबाची यात्रा भरते, आणि तिच्यासोबत घोड्यांचा बाजार. उंचीचं बोलणं इथं इंचात चालतं. 58 इंचांच्या आत राहिलं ते तट्टू, असा साधारण हिशेब. जनावर घेताना माणूस दात बघतो, भोवरे बघतो, चार पावलं चालवून बघतो. गाडी घेताना मात्र रंग बघतो आणि सौदा करून टाकतो.

[दृश्य : टेपनं छातीचा घेर मोजताना हात.]

गाडी बघायला निघण्याआधी तट्टू मोजून घ्या. पुढच्या पायांमागून छातीचा घेर, आणि खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या, म्हणजे ढुंगणाच्या, टोकापर्यंत लांबी, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 11,900. आलेला आकडा म्हणजे अंदाजे वजन, किलोत. घेर 140 आणि लांबी 130 असेल तर 214 किलो.

सुरुवातीला गाडी, माणसं आणि सामान मिळून या वजनाच्या पुढे जाऊ नका. दोन मोठी माणसं 130 किलोंची धरली, तर गाडीला उरले 84 किलो. जुना लाकडी टांगा रिकामाच याहून जड भरतो. घोड्यासाठी केलेला टांगा स्वस्तात मिळाला म्हणून तट्टूला जुंपायचा नसतो, तो याच कारणानं. शिवाय त्याच्या दांड्या उंच आणि रुंद असतात. तट्टू त्यात डुलत राहतं आणि वळणावर गाडी त्याला कुल्ल्यावर ढकलते.

भारवाहू जनावरांच्या छळाला आळा घालणारे 1965 चे केंद्रीय नियम दोन चाकी गाडीसाठी तट्टूला हवेच्या टायरवर 600 किलोंची मुभा देतात, हवेचे टायर नसतील तर 400 ची. ती वरची सीमा आहे, नवशिक्या तट्टूचं माप नव्हे. पण एक गोष्ट त्यातून कळते : नुसत्या टायरनं 200 किलोंचा फरक पडतो.

[दृश्य : फॅब्रिकेशनचं दुकान. पाइपचा सांगाडा, वेल्डिंगच्या ठिणग्या.]

स्वस्तात तीन वाटा दिसतात. जुना टांगा, शर्यतीचा छकडा, नाहीतर वेल्डिंगवाल्याकडून करून घेतलेली पाइपची गाडी. छकडा हलका असतो हे खरं, पण ना कमानपाटे, ना ब्रेक, ना धड बसायला जागा. बैलाच्या जुवासाठी बांधलेला असेल तर तट्टूच्या मापाच्या दांड्याही नाहीत. तो सोडाच.

पाइपची गाडी परवडते. पण तिला मोटरसायकलची आऱ्यांची चाकं लावू देऊ नका. मोटरसायकल वळताना झुकते, म्हणून आऱ्यांवर आडवा जोर फारसा येत नाही. गाडी झुकत नाही. प्रत्येक वळणाला आडवा जोर थेट आऱ्यांवर येतो, आरे सैल होतात आणि रिम वेडीवाकडी फिरू लागते. ऑटोरिक्षाची चाकं, हबसकट, बरी. ती एकाच बाजूनं धरलेली असतात, जोर सोसायला घडवलेली असतात आणि बेअरिंग कुठंही मिळतं. लहान आहेत, खड्ड्यात बसतात, हा त्यांचा दोष. डांबरी रस्त्यावर चालून जातं. पावसाळ्यात काळ्या रानात नेणार असाल तर मोठं चाक घ्या आणि मडगार्ड चाकापासून चार बोटं लांब ठेवा, नाहीतर चिखल मधे भरतो आणि चाक जाम होतं. बाभळीच्या काट्यांची सोय म्हणून पंक्चरचं सामान पेटीत असावंच.

जुना लाकडी टांगा तट्टूच्या मापाचा मिळालाच, तर चाकाला हात लावल्याशिवाय पैसे काढू नका. चाक जॅकवर उचला, वर आणि खाली धरून हलवा. खडखडलं तर बेअरिंग नाहीतर आख, म्हणजे चाकांमधला दांडा, झिजलाय. प्रत्येक आरा छोट्या हातोडीनं वाजवा : घट्ट आरा टणक वाजतो, सैल आरा बद्द. उन्हाळ्यात लाकूड सुकून आकसतं, चाकावरची लोखंडी धाव ढिली पडते. पाण्यात भिजवलेलं चाक सौद्यापुरतं घट्ट दिसतं. चाक ओलसर लागलं तर दोन दिवसांनी पुन्हा बघायला या. दांडी जिथं लोखंडी पट्टीखाली जाते तिथं टोच्या रोवून बघा. लांबी, म्हणजे पुट्टी, भरून रंग मारलेली भेग तिथंच लपलेली असते.

[दृश्य : न जुंपलेली गाडी, दांडीला अडकवलेला ताणकाटा, म्हणजे स्प्रिंगचा वजनकाटा.]

आता सगळ्यात महत्त्वाची चाचणी, आणि हिला तट्टू लागतच नाही. सीटवर नेहमी बसणारी माणसं बसवा. दांड्या जमिनीला समांतर येईपर्यंत उचला. पाठीवरच्या गादीचे चामडी फासे जिथं दांडी धरतील, तिथं ताणकाटा लावा. काटा 3 ते 5 किलो दाखवेल तर गाडी तोललेली आहे. 15 दाखवत असेल तर तेवढं ओझं चालता चालता पाठीवर आपटत राहणार. दांडी वरच जायला बघत असेल तर तंग, म्हणजे पोटाखालचा पट्टा, पोटाला काचणार आणि चढावर आणखीच काचणार. उपाय महागडा नाही. सीट बोल्टवर पुढं-मागं सरकेल अशी करून घ्या. वेल्ड केलेलं सीट मागू नका.

मापं अशी. दांडीचं टोक खांद्याच्या टोकापाशी संपावं, पुढं गेलं तर वळताना लगाम अडकतो. पुठ्ठ्यापासून मागच्या आडव्या पाइपपर्यंत 30 ते 45 सेंटिमीटर मोकळं हवं. अंगाच्या दोन्ही बाजूंना तीन-चार बोटं. चाक लहान असेल तर आख खाली जातो आणि दांड्या वर बघतात. अशा वेळी दांड्यांचा जोड गाडीच्या सांगाड्यात वर-खाली करून त्या सरळ आणाव्या लागतात.

छातीपट्ट्यानं ओढणार असाल तर मागे जोत, म्हणजे ओढायचे पट्टे, अडकवायची आडवी दांडी मधल्या एका बोल्टवर फिरती हवी. पक्की असली की पट्टा खांद्यावर डावी-उजवीकडं घासतो आणि आठवड्यात केस उडतात. उतारावर गाडी पायावर येऊ नये म्हणून पुठ्ठ्याभोवतीचा पट्टा आणि ब्रेक. बालाघाटच्या रांगेत, बीड-धाराशिवकडं, नाहीतर खुलताबादच्या घाटात राहणाऱ्यानं ब्रेकशिवाय गाडी घेऊच नये. मागं लाल, पुढं पांढरे रिफ्लेक्टर. ऊसतोडीच्या दिवसांत रात्रीचा रस्ता कसा असतो, ते सांगायला नको.

[दृश्य : संध्याकाळ. तट्टू सोडलेलं, पाठीवर घामाचे ठसे.]

जुंपण्याला सरावलेल्या तट्टूवरच गाडी तपासा, आणि उन्हं उतरल्यावर. 37 अंशांच्या वर पारा असताना दुपारी 12 ते 3 गाडी जुंपायला 1965 चे तेच नियम मनाई करतात. मराठवाड्यात एप्रिल-मे जवळजवळ पूर्ण त्यात येतो. अर्धा तास चालवा, साज काढा आणि गादीखालचे केस बघा. घाम सारखा पसरलेला असेल तर गादी नीट बसलीय. ओल्या अंगावर मधेच कोरडा ठिपका दिसला तर दाब नेमका तिथं पडतोय. दांडीचा फासा एक छिद्र बदला आणि उद्या पुन्हा बघा.