शॉट बाहेर जातो आणि परत येतो तेव्हा

(सोलापुरातील तरुण संकलकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

मित्रहो,

लग्नाचे चित्रीकरण करणारे आणि चादर-टॉवेलच्या कारखान्यांसाठी जाहिराती बनवणारे इथले अनेक तरुण मला विचारतात, की एडिटिंगसाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे. आणि विचारण्याआधी त्यांनी ट्रान्झिशन किती, तयार टायटल किती, याची तुलना केलेली असते. माझे म्हणणे एवढेच आहे, की ज्याला पुढे आफ्टर इफेक्ट्स, न्यूक, फ्यूजन किंवा ब्लेंडरमध्ये कंपोझिटिंग, म्हणजे वेगवेगळी चित्रे जोडून एकच शॉट तयार करण्याचे काम, करायचे आहे, त्याने एडिटिंग सॉफ्टवेअरची पारख आतल्या सोयींवरून करू नये; शॉट तिथून बाहेर कसा जातो आणि काम होऊन परत कसा येतो, ते पाहावे.

टॉवेलचेच उदाहरण घेऊ. हिरव्या पडद्यासमोर पांढरा टेरी टॉवेल धरला, की त्याच्या कडेला उभे असलेले सुताचे बारीक फंदे ही कीइंगची, म्हणजे हिरवा रंग काढून मागची जागा मोकळी करण्याची, खरी परीक्षा असते. आपले बरेचसे कॅमेरे 8 बिट 4:2:0 पद्धतीने चित्रण करतात, म्हणजे उजेडाची नोंद प्रत्येक पिक्सेलची असली तरी रंगाची नोंद चार पिक्सेलमागे एकच असते, आणि कीइंग तर रंगावरच चालते. एका जाहिरातीच्या वेळी मी असा शॉट कापून, पुन्हा एच 264 या फाइल लहान करणाऱ्या पद्धतीने दाबून कंपोझिटिंगला दिला होता. मुळातच तोकडी असलेली माहिती त्या दुसऱ्या दाबणीत आणखी गेली, फंद्यांच्या जागी चौकोनी ठिपके उरले आणि ते कोणत्याही कीअरने सुटेनात. कॅमेऱ्याने जे नोंदवले नाही ते परत आणता येत नाही, पण नोंदवलेले तरी वाटेत सांडू नये, याची काळजी घेता येते.

त्यासाठी प्रोरेस 4444 किंवा डीएनएक्सएचआर या कमी दाबणाऱ्या पद्धतींच्या वरच्या दर्जाच्या फाइली वापरतात, किंवा ओपनईएक्सआर या स्वरूपात एकेक फ्रेम स्वतंत्र काढतात. हे स्वरूप इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या कंपनीने 2003 मध्ये सर्वांसाठी खुले केले. त्याची किंमत मात्र डिस्कवर मोजावी लागते. 1920 बाय 1080 ची एक फ्रेम 16 बिट फ्लोटमध्ये (प्रत्येक रंगाला दोन बाइट), तीन रंगांसह आणि न दाबता, साधारण 12.4 मेगाबाइटची होते. सेकंदाला 25 फ्रेम धरल्या तर 311 मेगाबाइट. साध्या फिरत्या हार्ड डिस्कवरून हे सलग चालणार नाही. म्हणून पूर्ण टाइमलाइन (क्लिप क्रमाने लावलेली पट्टी) न काढता ज्या शॉटवर काम आहे तेवढाच, दोन्ही बाजूंना आठ-दहा जादा फ्रेम, म्हणजे हँडल, ठेवून काढावा.

आता एडिटर आणि कंपोझिटिंग सॉफ्टवेअरच्या जोड्यांविषयी. आफ्टर इफेक्ट्स हेच हत्यार ठरले असेल, तर प्रीमिअर प्रो घेणे सरळ आहे, कारण या दोघांना जोडणाऱ्या डायनॅमिक लिंकमुळे शॉट रेंडर न करताच, म्हणजे तयार फाइल न काढताच, टाइमलाइनवर दिसतो. टायटल आणि ग्राफिक्ससाठी ही सोय उत्तम आहे. जड शॉटसाठी मात्र मी ती वापरत नाही, रेंडर करून फाइलच परत आणतो, कारण लिंक वाढत गेल्या की टाइमलाइन अडखळू लागते. दाविंची रिझॉल्व्हमध्ये 2018 च्या पंधराव्या आवृत्तीपासून फ्यूजन आतच आहे, आणि त्याची मोफत आवृत्ती आपल्याकडच्या बहुतेक कामांना पुरते. तिथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी: साधी क्लिप फ्यूजन पानावर उघडली तर ती मूळ रिझोल्यूशनला उघडते, तर अनेक क्लिप मिळून केलेली फ्यूजन क्लिप टाइमलाइनच्या रिझोल्यूशनला बसते. 4 के चित्रण 1080 च्या टाइमलाइनवर असेल, तर हा फरक महागात पडतो. न्यूक किंवा ब्लेंडर वापरणाऱ्याला अशी आतली जोडणी नसते. त्याने ईएक्सआर नीट लिहिणारे आणि वाचणारे एडिटर निवडावे, आणि मी तरी रिझॉल्व्हच सुचवेन.

फ्रेमरेटची चूक सर्वांत जास्त वेळ खाते. आफ्टर इफेक्ट्स फ्रेमची मालिका आत घेताना, सेटिंग बदलले नसेल तर, ती सेकंदाला 30 फ्रेमची समजते. त्यामुळे 25 च्या दराचा 250 फ्रेमचा दहा सेकंदांचा शॉट 8.33 सेकंदांचा होऊन बसतो. गड्ड्याच्या यात्रेत मोबाइलवर टिपलेले नंदीध्वजांचे शॉट तर आणखी अवघड, कारण मोबाइलचा फ्रेमरेट चित्रण करतानाच कमी-जास्त होत असतो. ते आधी एका ठरावीक दरात आणल्याशिवाय ट्रॅकिंगला, म्हणजे हलणाऱ्या वस्तूचा माग काढण्याच्या कामाला, देऊ नयेत.

निवड पक्की करण्याआधी पाच सेकंदांचा एक शॉट एडिटरमधून बाहेर काढा, कंपोझिटिंगमध्ये काहीही न बदलता तसाच रेंडर करा, परत आणून मूळ शॉटवर ठेवा आणि ब्लेंड मोड डिफरन्स करा, म्हणजे दोन्ही चित्रांतला फरक तेवढाच दिसेल. पडदा पूर्ण काळा राहिला, तर जोडी जमली. रंगांची फिकट छटा दिसली तर कलर स्पेसचे (रंग कोणत्या मापात वाचायचे याचे) सेटिंग तपासा. हलणाऱ्या वस्तूंच्या दुहेरी कडा दिसल्या तर फ्रेम सरकली आहे, तेव्हा फ्रेमरेट आणि हँडल पुन्हा मोजा.