पहिला क्रमांक कोणाचा: अमेरिकी कॉलेज फुटबॉलच्या क्रमवारीचा जुना वाद

११ ऑक्टोबर २००८ रोजी डॅलसच्या कॉटन बोल मैदानावर टेक्सास विद्यापीठाच्या संघाने ओक्लाहोमाला ४५-३५ असे हरवले. १ नोव्हेंबरला लबक येथे टेक्सास टेकने त्याच टेक्सासला ३९-३३ असे नमवले. मायकेल क्रॅबट्रीने झेल घेऊन निर्णायक टचडाउन केला (म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्ट्यात नेला), तेव्हा घड्याळात अवघा एक सेकंद उरला होता. आणि २२ नोव्हेंबरला नॉर्मन येथे ओक्लाहोमाने टेक्सास टेकचा ६५-२१ असा धुव्वा उडवला.

नियमित हंगाम संपल्यावर तिघांचा तक्ता असा होता. अकरा विजय, एक पराभव. अकरा विजय, एक पराभव. अकरा विजय, एक पराभव. तिघांचाही एकुलता एक पराभव उरलेल्या दोघांपैकी एकाकडून झालेला. तिन्ही संघ ‘बिग १२’ या गटाच्या दक्षिण विभागातले होते आणि गटाच्या अंतिम सामन्याला त्यांच्यापैकी एकालाच जाता येणार होते. टेक्सासचे पाठीराखे म्हणत की आम्ही ओक्लाहोमाला तटस्थ मैदानावर दहा गुणांनी हरवले आहे, मग ते आमच्या वर कसे? ओक्लाहोमाचे पाठीराखे ४४ गुणांच्या ताज्या विजयाकडे बोट दाखवत. टेक्सास टेकची बाजू फारशी कोणी ऐकून घेतली नाही, पण पहिला युक्तिवाद मान्य केला तर त्याच न्यायाने टेक टेक्सासच्या वर यायला हवा होता. यातले कोणाचेच म्हणणे खोटे नव्हते, मात्र प्रत्येकाचे म्हणणे तिसऱ्या संघाकडे डोळेझाक केली तरच टिकत होते. गटाच्या नियमानुसार अखेर राष्ट्रीय क्रमवारीत जो वर तो पुढे, असे ठरले आणि ओक्लाहोमा पुढे गेला.

म्हणजे पेच सुटला नाही, तो फक्त क्रमवारी करणाऱ्यांच्या गळ्यात पडला. त्यांचे काम इतके अवघड का आहे, हे समजण्यासाठी थोडा हिशेब पाहावा लागेल. अमेरिकेत कॉलेज फुटबॉलच्या सर्वोच्च श्रेणीत सुमारे १३० संघ आहेत आणि नियमित हंगामात प्रत्येकाच्या वाट्याला साधारण १२ सामने येतात. १३० संघांच्या जोड्या होतात ८,३८५. प्रत्यक्षात खेळले जाणारे सामने आठशेच्या आतबाहेर. दर दहा जोड्यांपैकी नऊ जोड्या एकमेकींसमोर कधी उभ्याच राहत नाहीत. अंगावर आदळण्याचा हा खेळ आठवड्यातून एकदाच खेळता येतो, त्यामुळे सर्वांनी सर्वांशी खेळावे अशी साखळी येथे शक्यच नाही. बरे, खेळाडू विद्यार्थी असल्याने चार-पाच वर्षांत संघ पूर्ण बदलतो आणि गेल्या वर्षीच्या माहितीचाही फारसा आधार उरत नाही.

हा खेळ सुरू झाला तो बरोबरीनेच. ६ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यू जर्सीतील न्यू ब्रन्सविक येथे रटगर्सने प्रिन्स्टनला ६-४ असे हरवले आणि आठवडाभराने प्रिन्स्टनने ८-० अशी परतफेड केली. त्या हंगामाचा विजेता कोण, हा प्रश्न तेव्हा कोणाला पडला नसावा. तो पुढच्या शतकात पडला.

१९२० च्या दशकात इलिनॉय विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवणाऱ्या फ्रँक डिकिन्सन यांनी गणिताचा मार्ग धरला. बलवान संघावर विजय मिळवला तर ३० गुण, दुबळ्यावर मिळवला तर २०, आणि बलवान संघाकडून हरल्यासही १५. या गुणांची सरासरी म्हणजे संघाची पत. प्रतिस्पर्धी कोण होता याला मोल देणारी ही कल्पना पुढच्या बहुतेक सर्व पद्धतींच्या मुळाशी आहे. नोत्र दामचे प्रशिक्षक नूट रॉकने यांना हे गणित फारच पसंत पडले आणि मागच्या हंगामांनाही ते लावावे असा आग्रह त्यांनी धरला. तसे ते लावले गेले आणि १९२४ चे विजेतेपद नोत्र दामकडे आले. आवडता निकाल देणारी पद्धत निवडण्याचा हा प्रकार पुढे अनेकदा पाहायला मिळतो.

१९३६ पासून असोसिएटेड प्रेसने क्रीडापत्रकारांची साप्ताहिक मते घ्यायला सुरुवात केली आणि १९५० पासून युनायटेड प्रेसने प्रशिक्षकांची. मते देणारे लोक खेळ जाणणारे होते, पण त्यांनी सगळे सामने पाहिलेले नसत, आणि प्रशिक्षक तर शनिवारी स्वतःच्याच सामन्यात गुंतलेला असे. शिवाय हंगामानंतरचे ‘बोल’ सामने म्हणजे केवळ बक्षिसी मानले जात, त्यामुळे अंतिम क्रमवारी त्यांच्या आधीच जाहीर होई. परिणामी १९५० चा विजेता ओक्लाहोमा शुगर बोलमध्ये केंटकीकडून हरला, १९६४ चा विजेता अलाबामा ऑरेंज बोलमध्ये टेक्सासकडून हरला, आणि १९७३ मध्ये प्रशिक्षकांनी विजेता ठरवलेल्या अलाबामाला नोत्र दामने २४-२३ असे हरवले, तरी त्यांचा निर्णय कायम राहिला. त्यानंतर मात्र प्रशिक्षकांनीही शहाणपण स्वीकारले आणि १९७४ पासून मतदान बोल सामन्यांनंतर होऊ लागले.

या याद्यांमध्ये कोण नव्हते, हेही पाहिले पाहिजे. कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयांचे संघ या राष्ट्रीय क्रमवारीच्या हिशेबात जवळपास नसत; त्यांचा विजेता १९२० पासून पिट्सबर्ग कुरिअर हे कृष्णवर्णीयांचे वृत्तपत्र वेगळा निवडत असे. १९६६ मध्ये अकरापैकी अकरा सामने जिंकलेला अलाबामाचा संघ तिसरा ठरला, तर एकमेकांशी १०-१० अशी बरोबरी केलेले नोत्र दाम आणि मिशिगन स्टेट त्याच्या वर राहिले. अलाबामाचे समर्थक आजही हा अन्याय मानतात. त्या वर्षी अलाबामाच्या संघात एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता, मिशिगन स्टेटच्या संघात मात्र अनेक होते, ही बाजू त्या तक्रारीत सहसा येत नाही.

पत्रकार आणि प्रशिक्षक यांच्यात मतभेद झाला की एका वर्षाचे दोन विजेते होत. १९९० मध्ये कोलोरॅडो पत्रकारांच्या मते पहिला ठरला आणि प्रशिक्षकांच्या मते जॉर्जिया टेक, तोही मतदानातल्या केवळ एका गुणाने. त्याच कोलोरॅडोने ६ ऑक्टोबरला मिसूरीवर मिळवलेला ३३-३१ हा विजय पंचांच्या ढळढळीत चुकीतून आला होता. नियमाने चेंडू पुढे नेण्याचे चारच प्रयत्न मिळतात. मैदानाबाहेरचा प्रयत्न मोजणारा आकडा एकदा बदलायचा राहिला आणि कोलोरॅडोने पाचव्या प्रयत्नात निर्णायक टचडाउन केला. निकाल बदलला गेला नाही. क्रमवारीचे सूत्र कितीही अचूक असले, तरी त्यात भरला जाणारा निकाल मैदानावरचाच असतो.

१९९८ मध्ये बीसीएस नावाची व्यवस्था आली. तिने मतदान आणि संगणकीय क्रमवारी एकत्र करून पहिल्या दोन संघांना अंतिम सामना खेळायला लावला. येथे एक जुना प्रश्न नव्याने उभा राहिला: विजयातले अंतर मोजायचे की नाही? क्रिकेटमधल्या नेट रन रेटवरून होणारे वाद ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना यातली मेख लगेच कळेल. अंतर मोजले तर संघाच्या ताकदीचा अंदाज अधिक चांगला बांधता येतो. पण मग बलाढ्य संघ दुबळ्यांना तुडवत सुटतो. १९१६ मध्ये जॉन हाइझमन यांच्या जॉर्जिया टेकने कंबरलँडला २२२-० असे हरवले होते, ते टोक सर्वांना ठाऊक होते. २००२ पासून बीसीएसने अंतर मोजणाऱ्या पद्धती वगळल्या. बीसीएसला संगणकीय क्रमवारी पुरवणारे जेफ सागारिन यांनी यावर काढलेला तोडगा मला सर्वांत प्रामाणिक वाटतो: त्यांनी केवळ जय-पराजयावर आधारलेली एक यादी बीसीएससाठी दिली आणि गुणांचे अंतर मोजणारी दुसरी वेगळी प्रसिद्ध केली. कारण हे मुळात दोन वेगळे प्रश्न आहेत. कोणी अधिक कमावले, हा एक. आणि उद्या सामना झाला तर कोण जिंकेल, हा दुसरा. क्रमवारीवरच्या बहुतेक भांडणांत एक बाजू पहिल्याचे उत्तर देत असते आणि दुसरी बाजू दुसऱ्याचे.

बीसीएसच्या संगणकीय पद्धतींपैकी वेस कॉली यांची पद्धत पहिल्या प्रश्नाची आहे. एकही सामना न खेळलेल्या संघाला ती अर्धा गुण देते. जिंकलेल्या सामन्यांत एक मिळवायचा, खेळलेल्या सामन्यांत दोन, आणि भागाकार करायचा. म्हणजे पहिला सामना जिंकला की संघ दोन तृतीयांशावर जातो आणि हरला की एक तृतीयांशावर येतो. मग प्रतिस्पर्ध्यांच्या गुणांनुसार या आकड्यात दुरुस्ती होते, त्या प्रतिस्पर्ध्यांच्या आकड्यांतही त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांनुसार होते, आणि सर्व समीकरणे एकदम सोडवली जातात. २०१० च्या हंगामात कॉली यांच्या माहितीतून खालच्या श्रेणीतला एक सामना, ॲपलाचियन स्टेट विरुद्ध वेस्टर्न इलिनॉय, निसटला. तेवढ्यावरून बीसीएसच्या अंतिम यादीत दहाव्या क्रमांकावर लुइझियाना स्टेट आणि अकराव्यावर बॉइझी स्टेट लागले. दुरुस्तीनंतर ते उलटे झाले. ही चूक बाहेरच्या जाणकाराला सापडली, कारण बीसीएसच्या सहा संगणकीय पद्धतींपैकी हेच एक सूत्र संपूर्ण जाहीर झालेले होते. उरलेल्या पाचांत अशी चूक असती, तर ती पकडायची कोणी?

मतदार आणि संगणक एकत्र बसवूनही घोळ संपले नाहीत. २००३ मध्ये दोन्ही मतदानांत पहिला असलेला सदर्न कॅलिफोर्नियाचा संघ अंतिम सामन्याबाहेर राहिला आणि गटाच्या अंतिम सामन्यात ३५-७ असा हरलेला ओक्लाहोमा मात्र आत गेला. २००४ मध्ये अपराजित ऑबर्नला दार बंद झाले, आणि त्या हंगामानंतर असोसिएटेड प्रेसने आपले मतदान या सूत्रात वापरू नये असे कळवले.

२०१४ च्या हंगामापासून संगणक बाजूला झाले आणि १३ सदस्यांची समिती चार संघ निवडू लागली. समितीला कारणे सांगता येतात, ही जमेची बाजू. ती दर वर्षी वेगळी असू शकतात, ही खर्चाची. २०२३ मध्ये फ्लोरिडा स्टेटने तेराही सामने जिंकले, पण त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे चढाईची सूत्रे हाती असलेला खेळाडू, जॉर्डन ट्रॅव्हिस नोव्हेंबरमध्ये जखमी झाला होता. समितीने एक पराभव असलेल्या अलाबामाला चौथी जागा दिली. प्रमुख खेळाडूच्या अनुपस्थितीचा विचार करण्याची मुभा नियमांत होती, हे खरे. तरीही जिंकलेले सामने बाजूला ठेवून न झालेल्या सामन्यांचा अंदाज बांधला गेला, हेही तितकेच खरे. पुढे ऑरेंज बोलमध्ये जॉर्जियाने फ्लोरिडा स्टेटला ६३-३ असे हरवले, तेव्हा समितीच्या बाजूचे लोक सरसावले. पण त्या सामन्यात फ्लोरिडा स्टेटचे अनेक प्रमुख खेळाडू उतरलेच नव्हते, त्यामुळे त्यावरून काही सिद्ध होत नाही. २०२४ पासून बारा संघांना प्रवेश आहे. वाद आता चौथ्या-पाचव्याऐवजी बाराव्या-तेराव्या संघावरून होतो आणि तो तुलनेने सुसह्य आहे, कारण बाराव्या संघाला वगळल्याने खरा विजेता वगळला जाण्याची शक्यता कमी असते.

काळाच्या पलीकडची तुलना आणखी निसरडी आहे. १९०१ च्या मिशिगनने हंगामभरात ५५० गुण केले आणि एकही दिला नाही. पण तेव्हा टचडाउनला पाच गुण होते आणि चेंडू पुढे फेकण्याची परवानगीच नव्हती. त्या संघाला १९९५ च्या विजेत्या नेब्रास्काशेजारी ठेवायचे, तर दोघे आपापल्या समकालीनांपेक्षा किती पुढे होते एवढेच मोजता येते.

तरीही मागे वळून विजेते ठरवण्याची हौस मोठी. १९३० च्या दशकात पार्क डेव्हिस यांनी थेट १८६९ पासूनचे विजेते ठरवले. ते स्वतः प्रिन्स्टनचे जुने खेळाडू होते आणि प्रिन्स्टन आज २८ विजेतेपदांवर हक्क सांगते. अलाबामा १९४१ वर हक्क सांगते, ज्या वर्षी ते दोन सामने हरले आणि असोसिएटेड प्रेसच्या यादीत विसावे होते. हे चालते, कारण विद्यापीठ क्रीडेची सर्वोच्च संघटना एनसीएए या श्रेणीत स्वतः विजेता घोषित करत नाही. मान्यवर निवडकर्त्यांनी कोणाला निवडले याची ती फक्त नोंद ठेवते.

२०१७ मध्ये सेंट्रल फ्लोरिडाने तेरापैकी तेरा सामने जिंकले. शेवटी त्यांनी ज्या ऑबर्नला ३४-२७ असे हरवले, त्याच ऑबर्नने नियमित हंगामात अलाबामा आणि जॉर्जिया या दोन्ही अंतिम स्पर्धकांना हरवले होते. समितीने त्यांना चारांत घेतले नव्हते. त्यांनी स्वतःला विजेते म्हणवून मिरवणूक काढली, तेव्हा बरीच थट्टा झाली. एनसीएएच्या नोंदपुस्तकात त्या वर्षासाठी अलाबामाबरोबर सेंट्रल फ्लोरिडाचेही नाव छापलेले आहे. निवडकर्ता म्हणून तेथे कॉली यांच्या पद्धतीचा उल्लेख आहे.