खर्चासह नामंजूर

निकाल ऐकताना पक्षकाराचं सगळं लक्ष 'मंजूर' की 'नामंजूर' याकडे असतं. त्याच्या आधीचा 'खर्चासह' हा शब्द कानावरून निघून जातो. मग समोरच्याच्या वकिलाची फी, तज्ज्ञांचे अहवाल, साक्षीदारांचा भत्ता, सगळं अंगावर येतं.

हरणाऱ्याने भरावं, हा नियम जुना आहे. इंग्लंडमध्ये 1278 च्या ग्लॉस्टरच्या कायद्याने जिंकलेल्या वादीला खर्च मिळू लागला. मागचा विचार मला पटतो. माझे पैसे कुणी बुडवले आणि ते परत मिळवायला मलाच वकिलाची फी सोसावी लागली, तर मी जिंकलो तरी तेवढा बुडालोच ना?

अमेरिकेत मात्र रीत अशी, की ज्याचा वकील त्याने पोसायचा. 1975 मध्ये अलास्काच्या तेलवाहिनीच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तीच कायम ठेवली. पण त्यामुळे भेदभावाविरुद्ध लढणाऱ्या गरिबाला वकील कसा मिळणार? म्हणून पुढच्याच वर्षी संसदेने नागरी हक्कांच्या दाव्यांसाठी वेगळा कायदा केला. तिथे जिंकलेल्या वादीला सहसा फी मिळते. प्रतिवादीला मात्र दावा अगदीच बिनबुडाचा असेल तरच.

फ्लोरिडाचा अनुभव मला फार महत्त्वाचा वाटतो. 1980 मध्ये तिथे वैद्यकीय हलगर्जीपणाच्या दाव्यांत हरणाऱ्याने समोरच्याची वकील फी भरायची, असं ठरलं. खोटे दावे थांबावेत म्हणून डॉक्टरांनीच ते मागितलं होतं. पण हरलेल्या रुग्णाकडून वसूल काय करणार? हरलेला डॉक्टर मात्र पुरता भरत होता. 1985 मध्ये तो नियम गेला.

कागदावर नियम दोघांना सारखा असतो, पण भीती सारखी नसते. मोठ्या कंपनीला हरल्याचा खर्च हा वर्षाच्या हिशेबातला एक आकडा, तर जखमी कामगाराचं त्यात राहतं घर जाऊ शकतं. असे कितीतरी खरे दावे कोर्टाच्या दारापर्यंत पोचतच नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून इंग्लंडने एप्रिल 2013 पासून शारीरिक इजेच्या दाव्यांत केलेली सोय मला न्याय्य वाटते. तिथे हरलेल्या जखमी माणसाकडून सहसा खर्च वसूल होत नाही. दाव्यात मुळातच लबाडी असेल, तर हे संरक्षण जातं.

जर्मनीत हरणारा भरतो, पण वसूल होणारी वकील फी दाव्याच्या रकमेवरून, कायद्यातल्या तक्त्याप्रमाणे ठरते. समोरच्याने कितीही महागडा वकील लावला तरी तक्त्यापेक्षा जास्त फी तुमच्याकडून मागता येत नाही. हरलो तर किती जाणार, याचा अंदाज आधीच करता येतो.

आणखी एक. इंग्लंडमध्ये जिंकूनही खर्च भरावा लागू शकतो. प्रतिवादीने रीतसर तडजोडीचा देकार दिला, तुम्ही तो नाकारला आणि निकालात त्याहून जास्त मिळालं नाही, तर देकाराची मुदत संपल्यापासूनचा त्याचा खर्च सहसा तुमच्यावर येतो. म्हणून वकिलाला पहिल्याच भेटीत विचारा: हरलो तर समोरच्याचं किती भरावं लागेल, आणि कोणत्या रकमेवर थांबणं शहाणपणाचं? उत्तर लेखी घ्या.