जमिनीवरच्या स्विमिंग पूलसाठी घरच्या घरी व्हॅक्यूम अडॅप्टर

[टेबलावर पाईपचा तुकडा, रबर, दोन क्लिपा. बोलणारा कॅमेऱ्यासमोर.]

नमस्कार मंडळी. फ्रेमचा किंवा हवेच्या कड्याचा पूल असेल, तर तळाला बसलेला गाळ फिल्टर कितीही वेळ चालवला तरी जागचा हलत नाही. पंप पाणी ओढतो ते भिंतीतल्या जाळीतून, आणि तिथून तळापर्यंत त्याचा जोर पोचत नाही. त्यासाठी व्हॅक्यूमचा होज, म्हणजे वाकणारी नळी, आणि तिच्या टोकाला लावायचा, गाळ ओढून घेणारा ब्रश लागतात. होज त्या भिंतीतल्या तोंडाला जोडायचा तर मधे अडॅप्टर हवा. तो आज बनवू.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या, म्हणजे निम्मं काम सोपं होईल. हा जोड सगळा पाण्याखाली असतो. त्यात बारीक फट राहिली तरी पंपात हवा शिरत नाही, पूलचंच पाणी शिरतं. नुकसान एवढंच की ब्रशची ओढ तेवढी कमी होते. त्यामुळे सॉल्व्हंट सिमेंट (पीव्हीसी चिकटवायचा गोंद), सिलिकॉन, आटे जुळवणं, यातलं काहीही नको. तसंही भिंतीतल्या तोंडाचे आटे बरेचदा कंपनीचे स्वतःचे असतात, प्लंबिंगच्या फिटिंगशी ते जुळत नाहीत. घट्ट दाबून बसणारं रबर पुरतं.

सामान सांगतो. पीव्हीसी पाईपचा १५ सेंटिमीटरचा तुकडा. सायकलची जुनी ट्यूब. ३ मिलिमीटर जाडीचा रबरी पत्रा, तळहाताएवढा. स्टेनलेस स्टीलच्या दोन होज क्लिपा. पंक्चरचं सोल्यूशन, कानस, पॉलिश पेपर. क्लिप साध्या लोखंडाची घेऊ नका, क्लोरीनच्या पाण्यात ती गंजते आणि गंजाचा डाग लायनरवर, म्हणजे पूलच्या आतल्या प्लास्टिकच्या अस्तरावर, कायमचा बसतो.

[क्लोजअप: व्हर्निअर कॅलिपर आणि होजचं टोक]

आता माप. सगळ्यात जास्त अडॅप्टर इथेच फसतात. व्हॅक्यूमचे होज साधारण ३२ किंवा ३८ मिलिमीटरचे येतात, म्हणजे सव्वा किंवा दीड इंच. म्हणून माणूस दुकानातून 'सव्वा इंची' पाईप आणतो आणि तो होजमध्ये जातच नाही. कारण इंचात सांगितलेलं माप हे नावापुरतं असतं. सव्वा इंची पाईपचा बाहेरचा व्यास ४२.२ मिलिमीटर भरतो, दीड इंचीचा ४८.३. मिलिमीटरमध्ये विकला जाणारा ३२चा पाईप मात्र बाहेरूनच ३२ असतो. त्यामुळे नाव सोडा. होजच्या टोकाचा आतला व्यास मोजा, आणि जाळी काढल्यावर भिंतीतल्या तोंडाचा आतला व्यास मोजा. जाळी काढताना पंप बंद, प्लगही काढलेला.

३२च्या होजला ३२चा पाईप चालतो. ३८च्या होजला ४०चा पाईप थोडा जाड पडतो. होजचं टोक मिनिटभर गरम पाण्यात धरलं की ते सैल होतं आणि चढतं. पाईपची कडही पॉलिश पेपरने थोडी उतरती करा. सोपं पडावं म्हणून त्याहून बारीक पाईप वापरायचा मोह होईल, तो टाळा. ३२ऐवजी २५ मिलिमीटरचं भोक ठेवलं की वाट जवळजवळ ४० टक्क्यांनी अरुंद होते, आणि या पंपांमध्ये मुळात जोर बेताचाच असतो.

[क्लोजअप: रबर गुंडाळताना]

पाईपच्या एका टोकाचे ३ सेंटिमीटर भिंतीत जाणार. तिथे ट्यूबची ३ सेंटिमीटर रुंद पट्टी ताणून गुंडाळायची. पुढच्या बाजूला वेढे कमी, मागे जास्त, म्हणजे बुचासारखा उतार येतो. दर दोन वेढ्यांनी तोंडात घालून बघा. थोडा पीळ देत, जोर लावून आत जायला हवं. शेवटचं टोक सोल्यूशनने चिकटवा आणि सुकू द्या.

मग रबरी पत्र्याची चकती कापा. मधलं भोक पाईपपेक्षा २ मिलिमीटर लहान, बाहेरचा व्यास तोंडाच्या कडेपेक्षा २ सेंटिमीटर मोठा. ती पाईपवर सरकवून वेढ्यांच्या मागे आणा आणि तिच्या मागे लगेच एक क्लिप आवळा. पंप ओढायला लागला की बाहेरचं पाणीच ही चकती कडेवर दाबून धरतं. क्लिपचा स्क्रू वरच्या बाजूला ठेवा आणि त्यावर टेप गुंडाळा, नाहीतर लायनर फाडायला तेवढा कोपरा पुरे. पाईपची दोन्ही टोकं आतून-बाहेरून कानसून घ्या.

दुसऱ्या टोकाच्या ५ सेंटिमीटरवर होज चढतो. सैल वाटला तर तिथेही रबराचा एक वेढा आणि वरून दुसरी क्लिप. एल्बो, म्हणजे काटकोनात वळलेला जोड, लावू नका. होज स्वतःच वळतो.

[पूलजवळ]

आता जोडणी, आणि इथे क्रम महत्त्वाचा. जाळी जागेवर असतानाच पंप चालू करा. ब्रश होजला लावून तळाशी सोडा. होजचं एक टोक फिरतं असेल तर ते ब्रशच्या बाजूला, म्हणजे पीळ पडत नाही. बाकीचा होज पाण्यात दाबून त्याचं मोकळं टोक पाणी परत येणाऱ्या तोंडासमोर धरा. ब्रशमधून बुडबुडे येतील. ते पूर्ण थांबेपर्यंत धरून ठेवा. मग पंप बंद. जाळी काढा, अडॅप्टर दाबून बसवा, होजचं टोक पाण्याबाहेर न काढता त्यावर चढवा, पंप चालू. होज अर्धवट भरलेला असेल तर ती सगळी हवा फिल्टरच्या डब्यात जाते, पंप नुसता घरघरतो. तसं झालंच तर डब्यावरचा हवा सोडायचा स्क्रू सैल करा, पाणी दिसलं की आवळा. पंप कोरडा चालू ठेवू नका, सील जातं.

पूलला पाणी ओढणारी तोंडं दोन असतील तर दुसरं बुचाने बंद केलंच पाहिजे. ते उघडं राहिलं तर ब्रशपर्यंत ओढ पोचत नाही आणि माणूस उगाच अडॅप्टरला दोष देत बसतो.

जोड कितपत घट्ट आहे ते बघायला खाण्याच्या रंगाचे दोन थेंब चकतीच्या कडेला सोडा. रंग कडेतून आत खेचला गेला तर रबराचा आणखी एक वेढा द्या. तिथेच तरंगत राहिला तर उत्तम.

ओढच अडॅप्टरला धरून ठेवेल या भरवशावर मात्र राहू नका. ४० मिलिमीटरच्या तोंडावर ०.१ बारची ओढ धरली, तर जोर साधारण सव्वा किलो वजनाइतका होतो. होजला एक हिसका बसला की अडॅप्टर बाहेर. म्हणून होज अडॅप्टरपासून फूटभरावर दोरीने पूलच्या फ्रेमला बांधा आणि मधे थोडा ढिला ठेवा. फ्रेम नसेल तर ब्रश फिरवताना दुसऱ्या कुणाला तरी होज धरायला सांगा.

ब्रश हळू फिरवा, पट्टे एकमेकांवर चढवत. घाई केली की गाळ उडतो आणि पुन्हा बसेपर्यंत काही तास जातात. पानं, काड्या आधी जाळ्याने काढून घ्या, कारण जाळी काढलेली असल्यामुळे ते सगळं सरळ आत जाईल. ओढ हळूहळू मेली तर कार्ट्रिज, म्हणजे फिल्टरच्या डब्यातली गाळणी, भरलंय: पंप बंद, व्हॉल्व्ह बंद, धुवा, परत लावा. खूप गाळ असेल तर एका सफाईत हे दोनतीनदा होणारच. ताशी हजार-बाराशे लिटरच्या छोट्या पंपावर मात्र फार आशा ठेवू नका. ताशी ३,८०० लिटरच्या आसपासचा पंप असेल तर काम समाधानाने होतं.

तुरटी किंवा फ्लॉक (गाळ एकत्र करून तळाला बसवणारी पावडर किंवा द्रव) टाकून गाळ बसवला असेल तर हा अडॅप्टर वापरूच नका. तो चिकट गाळ कार्ट्रिज काही मिनिटांत बुजवतो. तेव्हा भरलेल्या होजचं टोक हाताने बंद करून भिंतीवरून बाहेर, पाण्याच्या पातळीच्या बरंच खाली सोडा आणि सायफनने काढा. पंप बंदच राहतो, पाणी तेवढं वरून भरावं लागतं.

सफाई चालू असताना पूलमध्ये कुणीही नको. जाळी नसलेल्या तोंडात केस किंवा लहान मुलाचा हात ओढला जाऊ शकतो. पंपाच्या लाइनला आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच, हवाच. काम झालं की पंप बंद करून अडॅप्टर काढा, जाळी आवळून बसवा, आणि ती बसल्याची हाताने खात्री केल्यावरच मुलांना आत सोडा. अडॅप्टर साध्या पाण्याने धुऊन सावलीत ठेवा; उन्हात ट्यूबचं रबर लवकर तडकतं. तडा दिसला की फक्त पट्टी बदलायची, पाईप तोच चालतो.