दिवा मालवणारं जनुक

नमस्कार, श्रोतेहो. आज बोलायचं आहे ते 'आरजीएस ९' या जनुकाबद्दल. आपल्या सतराव्या गुणसूत्रावर ते असतं. डोळ्यात उजेडाने पेटलेला संदेश वेळेवर विझवणं हे त्याचं काम. पुन्हा सांगतो, पेटवणं नाही, विझवणं.

मी तेव्हा शाळेत शिकवायचो. सातवीचा शेवटचा पेपर झाला आणि दुसऱ्या दिवशी मुलांना घेऊन नाशिकच्या पांडवलेणीला गेलो. अठराव्या लेण्यातल्या काळोखात स्तूप पाहून आम्ही बाहेर आलो, तर डोक्यावर एप्रिलचं ऊन. मुलं लगेच चेंडू फेकाफेकी करू लागली. एक मुलगी तेवढी कातळाला पाठ लावून उभी, कपाळावर आडवा हात. तिच्याकडे टाकलेला चेंडू कानाजवळून गेला, तरी तिचा हात हलला नाही. "झोपलीस का गं?" पोरं ओरडली. मीही म्हणालो, "चल, नाटकं पुरेत."

ती म्हणाली, "सर, थांबा ना. सगळं पांढरं दिसतंय. येईल आत्ता."

मला बसची घाई. मी तिला हाताला धरून पायऱ्यांकडे नेलं. ती चपलेच्या टोकाने पायरीची कड चाचपत होती, माझं बोट घट्ट आवळून. चौथ्या पायरीवर तिने बोट सोडलं. "सर, आलं." मी माफी मागितली नाही. आजही ते सलतं.

उजेड पडला की डोळ्यातल्या पेशींत 'ट्रान्सड्युसिन' नावाचं जी-प्रथिन, म्हणजे पेशीत संदेश पुढे नेणारं प्रथिन, जागं होतं. या जी-प्रथिनांच्या शोधासाठी गिलमन आणि रॉडबेल यांना 1994 चं नोबेल मिळालं. ट्रान्सड्युसिन आपसूक शांत होतं, पण फार सावकाश. कुकरच्या शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करायला ओट्यापाशी कुणीतरी हवं ना? आरजीएस ९ चं प्रथिन ते करतं. गॅस वेळेवर बंद, म्हणजे डोळा पुढचं पाहायला मोकळा.

2004 मध्ये 'नेचर'मध्ये काही रुग्णांची माहिती आली. त्यांचं हे जनुक, किंवा त्याच्या प्रथिनाला जागेवर धरून ठेवणाऱ्या प्रथिनाचं जनुक, बिघडलेलं होतं. उजेड एकदम बदलला की काही सेकंद त्यांना दिसेनासं होतं, आणि हलता चेंडू नीट दिसत नाही. याला ब्रॅडिऑप्सिया म्हणतात. आई आणि वडील, दोघांकडूनही बिघडलेली प्रत आली तरच हा विकार होतो. फार दुर्मिळ आहे. त्या मुलीला हेच होतं असं मी म्हणत नाही.

पाथर्डी फाट्यावर रात्री अप्पर लावून गाडी हाकणाऱ्यांचा मला मनस्वी संताप येतो, तोही यामुळेच. समोरच्याचा डोळा किती वेळात सावरतो, हे त्यांना काय ठाऊक?

भिंतीवरचा तक्ता वाचून हा दोष कळत नाही. त्यासाठी ईआरजी तपासणी असते; उजेडाला डोळ्याचा पडदा देतो तो विजेचा प्रतिसाद ती मोजते. लागोपाठ उजेडाचे दोन झोत टाकतात. अशा डोळ्याचा दुसऱ्या झोताला प्रतिसाद फार कमी येतो, किंवा येतच नाही. म्हणून डॉक्टरांकडे जाल तेव्हा चष्म्याच्या नंबरासोबत हेही सांगा: अंधारातून उन्हात आल्यावर पोराला दिसायला किती वेळ लागतो. सेकंद मोजून सांगा.