ही कात आहे, मेलेली कोळंबी नाही

हे जे टँकमधल्या शेवाळासारख्या हिरव्या मॉसमधे अडकलेलं काचेसारखं पांढरट दिसतंय ना, पाय आहेत, मिशा आहेत, डोळ्यांच्या जागासुद्धा आहेत, ते मेलेलं नाहीये. ती कात आहे. नवीन माणूस हे बघून घाबरतो आणि चिमट्याने बाहेर काढून टाकतो, मी पण पहिल्यांदा तेच केलं होतं, पण काढायचं नसतं ते, एक-दोन दिवसात बाकीच्या श्रिंप, म्हणजे या पाळलेल्या छोट्या कोळंब्या, ती खाऊन टाकतात, कॅल्शियम असतं त्यात. आणि जिने कात टाकली ती? ती बघा, लाकडाच्या मागे. अंग अजून मऊ आहे म्हणून लपून बसलीय, उद्यापर्यंत येईल बाहेर.

हा माझ्या मुलुंडच्या घरातला दोन फुटी टँक, पाणी असेल 50 लिटरच्या आसपास. आत स्पंज फिल्टर, जावा मॉस, एक लाकूड आणि देशी बदामाची वाळलेली पानं, रस्त्यावर पडतात तीच, धुऊन उकळून टाकलेली. पानावर जो चिकट बुळबुळीत थर येतो तो श्रिंपचा खरा खुराक, बघा कशा पुढच्या बारक्या चिमट्यांनी तो खरवडून तोंडात टाकतायत, एक हात तोंडाशी गेला की दुसरा खाली, दिवसभर हेच चालू असतं. मी तासन्‌तास बघू शकते हे.

यांना चेरी श्रिंप म्हणतात, शास्त्रीय नाव निओकॅरिडिना डेव्हिडी. पूर्ण वाढ झाली तरी जेमतेम अडीच-तीन सेंटीमीटर, आयुष्य वर्ष-दीड वर्ष, फार तर दोन. मूळ चीन, तैवान, कोरियाकडच्या ओढ्यांमधल्या, आणि तिथे त्या लाल नाहीतच, मातकट तपकिरी असतात. मधेच एखादी लालसर निघायची, ती बाजूला काढायची, तशाच दुसरीबरोबर ठेवायची, त्यांच्या पिल्लांमधून परत जास्त लाल ती निवडायची, असं पिढ्यानपिढ्या करत ब्रीडर लोकांनी हा रंग पक्का केला. आणि म्हणूनच चेरीच्याच निळ्या, पिवळ्या, लाल सगळ्या एकाच टँकमधे टाकू नका असं मी प्रत्येकाला सांगते, दिसायला छान दिसतं पण काही पिढ्यांत पिल्लं परत मातकट निघायला लागतात, मूळ रंग कुठे जात नाही.

जपानमधली गोष्ट तर मला फार आवडते. तिथे हिसायासु सुझुकी म्हणून एक गृहस्थ काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या बी श्रिंप पाळायचे, 1991 मधे त्यांना ढीगभर काळ्या पिल्लांत एकच लाल-पांढरं पिल्लू दिसलं. लाल रंग रिसेसिव्ह, म्हणजे काळ्यापुढे दबून राहणारा, त्यामुळे काळ्याबरोबर जोडी लावली तर पहिल्या पिढीत सगळी काळीच. तरी त्यांनी सोडलं नाही. आज क्रिस्टल रेड म्हणून जी श्रिंप जगभर पाळतात ती त्या चिकाटीतून आलीय. टँकमधे पाणवनस्पतींची बाग सजवणारे जपानचेच ताकाशी अमानो, त्यांनी टँकमधलं शेवाळ खायला श्रिंप सोडायची पद्धत रूढ केली, आज ती जातच अमानो श्रिंप म्हणून ओळखली जाते. तिची पिल्लं मात्र गोड्या पाण्यात जगत नाहीत, त्यांना खारं पाणी लागतं. चेरीचं तसं नाही, अंड्यातून निघालेलं पिल्लू म्हणजे आईचीच दोन मिलिमीटरची प्रत, म्हणून सुरुवात चेरीपासून करा.

आता पाणी. मुंबईच्या नळाला येतं ते भातसा, वैतरणा, तानसा अशा तलावांचं, म्हणजे पावसाचं. प्यायला उत्तम, एकदम मऊ, म्हणजे क्षार कमी, माझ्या टीडीएस मीटरवर (विरघळलेले क्षार मोजतो तो) 70-80 दाखवतं. पण श्रिंपला दर तीन-चार आठवड्यांनी नवं कवच करायचं असतं आणि ते कॅल्शियम या पाण्यात पुरेसं नाही. सुरुवातीला माझ्या श्रिंप एकेक करून मरायच्या, मानेपाशी पांढरी गोल रेघ दिसायची आणि दुसऱ्या दिवशी आडवी. कवच नीट फाटत नव्हतं, श्रिंप आत अडकून मरत होती. उपाय मिळाला काष्ठौषधीच्या दुकानात, समुद्रफेस. माकुळाच्या आतलं ते पांढरं हाड, त्याचा अंगठ्याएवढा तुकडा टाकला की हळूहळू विरघळत राहतो. बोअरवेलचं पाणी असेल तर नेमकं उलटं, तिथे टीडीएस 500 च्या वर जाऊ शकतो, मग आरओचं पाणी मिसळून खाली आणायचं. मी 180-200 ला ठेवते.

आणि घाई. बहुतेक श्रिंप घाईने मरतात. माझा पहिला टँक, फिल्टर आणि 10 श्रिंप एका दुकानातून एकाच संध्याकाळी आले होते, दुकानदार म्हणाला काही होत नाही, आठवड्यात सगळ्या गेल्या. घाणीतून अमोनिया तयार होतो, तो श्रिंपला विष, एक प्रकारचे बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्रेट, आणि हे बॅक्टेरिया स्पंजमधे वसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टँक पाणी भरून नुसता चालू ठेवायचा, श्रिंपशिवाय रिकामा. लोकांना हेच जमत नाही.

नवीन श्रिंप आणली की मेडिकलमधून सलाईनचा सेट आणा, एक टोक टँकमधे, दुसरं पिशवीतलं पाणी ओतलेल्या डब्यात, आणि ती चाकाची क्लिप फिरवून सेकंदाला दोन थेंब. दीड-दोन तास लागतात. तेवढ्या वेळात त्यांना नवीन पाण्याची सवय होते.

आता हिच्या पाठीवर बघा, मानेमागे पिवळसर ठिपका, त्याला सॅडल म्हणतात, आत अंडी तयार होतायत. हिने कात टाकली की पाण्यात तिचा वास पसरतो आणि नर वेड्यासारखे टँकभर पोहायला लागतात. मग अंडी पोटाखाली येतात, 20-30 असतील, आणि पोटाखालच्या पायांनी ती त्यांना सतत वारा घालत राहते, थांबतच नाही. तीनेक आठवड्यांनी मोबाइलच्या टॉर्चमधे बघा, प्रत्येक अंड्यात दोन काळे ठिपके दिसतात. डोळे.

ऑक्टोबरमधे आमच्या सोसायटीत डासांची फवारणी झाली. मी ऑफिसला होते, बाल्कनीचं दार उघडं. त्या धुरात पायरेथ्रॉइड असतं, डासांच्या लिक्विडमधे असतं तसलंच, आणि डास काय, श्रिंप काय, दोन्ही संधिपाद प्राणी, माणसाला सहसा फारसं काही होत नाही पण यांच्या नसांचं काम बिघडतं. घरी आले तर दोनशेच्या वर श्रिंप उताण्या पडल्या होत्या, पाय थरथरत होते. रात्री दोनपर्यंत पाणी बदललं, विष शोषून घ्यायला कार्बन टाकला. सकाळी 11 जिवंत होत्या, त्यात एकीच्या पोटाखाली अंडी. आज टँकमधे जेवढ्या दिसतायत त्या सगळ्या त्या 11 जणींपासूनच्या. आता फवारणीची नोटीस लागली की मी दारं लावते, टँकवर प्लास्टिक टाकते, एअर पंप बंद करून ठेवते आणि घरातच थांबते.

मे महिना वेगळाच असतो. पाणी 30 च्या वर गेलं की ऑक्सिजन कमी होतो. पाण्यावर छोटा पंखा लावला तर दोन अंश उतरतं, पण आपल्याकडच्या दमट हवेत फार नाही, आणि जेवढं पाणी उडतं तेवढं आरओचंच घालायचं, कारण क्षार खालीच राहतात.

बाल्कनीत कमळाचा टब आहे, त्यात पण काही सोडल्यात. डासांच्या अळ्यांसाठी गप्पी मासे हवेतच, पण गप्पी श्रिंपची पिल्लं खातात, म्हणून पिल्लांना लपायला हायड्रिला ही पाणवनस्पती दाट ठेवलीय. पावसाळ्यानंतर चतुर येऊन अंडी घालतात आणि त्यांची पिल्लं पाण्यात राहून श्रिंपच खातात, ती मी एकेक करून चहाच्या गाळणीने काढते.

एक विनंती मनापासून. जास्त झाल्या म्हणून तलावात, नाल्यात, ओढ्यात सोडू नका. जर्मनी-पोलंडमधे पॉवर प्लांटच्या कोमट पाण्यात याच चेरी श्रिंप जंगली होऊन राहिल्यात. आपल्या सह्याद्रीच्या ओढ्यांमधे कॅरिडिनाच्या स्वतःच्या जाती आहेत, पारदर्शक, पटकन नजरेत न येणाऱ्या. त्यांच्या घरात पाहुणे नकोत.

जास्त झाल्या की मी वाटते. काल तिसऱ्या मजल्यावरच्या सातवीतल्या मुलीला 12 दिल्या, सहा आठवडे रिकामा टँक चालवलाय तिने, रोज पाणी टेस्ट करून वहीत लिहिलंय. सलाईनचा सेट माझाच नेलाय, म्हणाली ताई, थेंब मी मोजते, तुम्ही फक्त बसा.