चेन उतरली तेव्हा

नमस्कार श्रोतेहो. माझं पंचवटीत सायकल रिपेअरिंगचं दुकान आहे, वडलांनी सुरू केलेलं, आधी भाड्याच्या सायकली होत्या, तासावर द्यायचो, आता गिअरच्या सायकली येतात, कार्बनच्या पण येतात. मला सांगितलं की सायकलवर काहीही बोला, पंधरा मिनिटं आहेत. मग मी म्हटलं की मला एका टीमच्या एका वर्षाबद्दल बोलायचंय. २०२३ साल. टीमचं नाव जम्बो-विस्मा, नेदरलँड्सची, पिवळी जर्सी. युरोपात रोड रेसिंगच्या सगळ्यात वरच्या पातळीवर अठरा टीम असतात, त्यातली ही एक.

आता काही जणांना वाटेल सायकल रेस म्हणजे एकट्याचा खेळ, जो जोरात पायडल मारतो तो जिंकतो. तसं नाहीये हो. मी हे आधी आपल्या त्र्यंबक रोडवर सांगतो म्हणजे पटेल. आमचा एक ग्रुप आहे, रविवारी पहाटे निघतो, त्र्यंबकेश्वरला जाऊन परत. जूनमधे पश्चिमेचा वारा सुटला की जाताना तो थेट छातीवर येतो. अंजनेरीच्या अलीकडे तर असं वाटतं की कुणीतरी हँडलला धरून मागे ढकलतंय. अशा वेळी एक जण पुढे जातो आणि बाकीचे त्याच्या मागच्या चाकाला चिकटतात, एवढं चिकटतात की आपलं पुढचं चाक आणि त्याचं मागचं चाक यात वीतभर अंतर. पुढचा वारा खातो आणि मागच्याला आरामात तिसरा हिस्सा ताकद कमी लागते, कधी त्याहूनही कमी. जो पुढे असतो ना त्याचं ऐकायचं असेल तर त्याचा श्वास ऐका, बाकी तो काही बोलत नाही. पूर्ण खेळ ह्या वीतभर अंतरावर उभा आहे. ताकद कुणाची वाचवायची आणि कुणाची खर्च करायची हे टीम ठरवते, आणि वर्षभर तेच ठरवत असते.

सीझन जानेवारीत ऑस्ट्रेलियात सुरू होतो, ॲडलेडच्या बाजूला, तिकडे तेव्हा उन्हाळा असतो. मग फेब्रुवारी-मार्चमधे सगळे युरोपात. मार्च-एप्रिल एक दिवसाच्या मोठ्या रेसचे. मे महिन्यात इटलीचं जिरो, जुलैत टूर द फ्रान्स, ऑगस्ट-सप्टेंबरात स्पेनचं वेल्टा. ह्या तीन रेस तीन-तीन आठवड्यांच्या, प्रत्येकी एकवीस टप्पे, सगळ्या टप्प्यांचा वेळ मिळवून ज्याचा सगळ्यात कमी तो जिंकतो. मग सप्टेंबरअखेर वर्ल्ड चॅम्पियनशिप बहुतेक, आणि ऑक्टोबरात इटलीतली लोम्बार्डिया रेस, की सीझन संपत आला. टीममधे तीसेक रायडर असतात, तीन आठवड्यांच्या रेसला त्यातले फक्त आठ जातात. पण त्या आठांच्या मागे ट्रक असतो, बस असते, मेकॅनिक, मालिश करणारे, स्वयंपाकी, डॉक्टर. रोज संध्याकाळी सगळ्या सायकली धुवून, चेन साफ करून, तेल देऊन, टायरवर बोट फिरवून काच-खडा बघून दुसऱ्या दिवशीसाठी उभ्या करायच्या, एकवीस दिवस. मी तो ट्रक टीव्हीवर पहिल्यांदा बघितला तेव्हा बराच वेळ बघत बसलो, कारण तेच काम मी करतो, तसाच स्टँड, तसाच ब्रश. आणि खायला काय देतात माहितीये का, भाताच्या वड्या. मऊ भात शिजवून गोड करून थापायचा, कापायचा आणि फॉइलमधे गुंडाळून रायडरच्या पाठीवरच्या खिशात. आपल्याकडच्या माणसाला हे लगेच कळतं, भात पोटाला जड होत नाही आणि ताकद देतो.

त्या वर्षी एप्रिलमधे पॅरिस-रुबे झाली, फ्रान्समधली एक दिवसाची रेस. अडीचशे किलोमीटरच्या वर आणि त्यातले पन्नासच्या वर किलोमीटर दगडी रस्ते, म्हणजे जुन्या नाशकात गल्लीला फरशी असते तशी सपाट नाही, शेताच्या कडेचे उंचसखल गोटे, एक दगड वर एक खाली. टीमचा व्हान आर्ट शेवटच्या अवघड दगडी पट्ट्यावर सगळ्यांना सोडून निघाला, फक्त दुसऱ्या टीमचा व्हान डर पूल त्याच्यासोबत, आणि पट्टा संपता संपता मागचं टायर पंक्चर. बस. व्हान डर पूल गेला तो गेला, तोच जिंकला. व्हान आर्ट तिसरा. मी दुकानात उभा राहून बघत होतो, हातात कुणाच्या तरी पोराच्या सायकलचा टायर-लिव्हर होता, आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, हवा गेली. पंधरा दिवस आधी ह्याच व्हान आर्टने बेल्जियममधल्या गेंट-वेव्हेलगेम रेसमधे शेवटचे पन्नासेक किलोमीटर आपल्या टीममेट लापोर्तसोबत दोघांनीच काढले होते आणि शेवटी रेषेवर त्याला पुढे जाऊ दिलं होतं. एकाच पंधरवड्यात एकदा दिलं आणि एकदा गेलं. रेसमधे हे असं असतं.

आता मे महिना, आणि माझ्या मनातली मुख्य गोष्ट. जिरोचा विसावा टप्पा, शेवटून दुसरा दिवस, माँते लुसारी नावाचा डोंगर. टाइम ट्रायल, म्हणजे एकेकट्याने घड्याळाविरुद्ध. अठरा-एकोणीस किलोमीटर, त्यातला शेवटचा भाग इतका उभा की आपला कसारा घाट त्याच्यापुढे सपाट वाटेल. टीमचा रोग्लिच हा स्लोव्हेनियाचा, तो ब्रिटनच्या गेरेंट थॉमसच्या सव्वीस सेकंद मागे. तीन आठवडे झाले आणि सगळं ह्या एका चढावर. रोग्लिच सुसाट चढतोय, अंतर कमी होतंय, आणि चढावर काँक्रीटच्या रस्त्यावर एक हादरा बसला आणि चेन उतरली.

श्रोतेहो, चेन उतरणं म्हणजे काय हे मी हजार वेळा हाताने केलंय. हादऱ्याने चेन क्षणभर ढिली होते, पुढच्या दातेरी चाकावरून निसटते, आणि मग तुम्ही पायडल मारताय पण सायकल हलत नाही, पाय रिकामा फिरतो. चढावर तर सायकल मागेच जाते. मग उतरायचं, वाकायचं, काळ्या तेलात बोटं घालून चेन दात्यावर बसवायची आणि पायडल अर्धा फेरा फिरवायचा म्हणजे ती ओढून धरते. दुकानात शांतपणे करायला दहा सेकंद. पण अख्खं वर्ष पणाला लावलेलं असताना, छाती फुटतेय, हात थरथरतायत, बाजूला हजारो माणसं ओरडतायत, तेव्हा? मोटरसायकलवर मागे असलेला टीमचा मेकॅनिक दुसरी सायकल घेऊन उडी मारून आलाच, पण रोग्लिचने स्वतःच वाकून चेन बसवली. आणि मग उभ्या चढावर थांबलेली सायकल पुन्हा सुरू करायची, ते तर त्याहून अवघड. गर्दीतला एक माणूस पुढे आला आणि त्याने रोग्लिचच्या पाठीला हात लावून पळत पळत ढकललं.

आणि तो माणूस कोण होता तर मित्या मेझनार. रोग्लिच सायकलवर यायच्या आधी बर्फावरच्या स्की जंपिंगमधे होता आणि हा मेझनार तेव्हा त्याच्या सोबत ज्युनिअर टीममधे होता, २००७ ला ते टीम म्हणून ज्युनिअर वर्ल्ड चॅम्पियन झाले होते. हजारो लोकांच्या गर्दीत नेमका तिथे, नेमक्या त्या वळणावर. मी देव मानणारा माणूस आहे, रोज गोदाघाटावर जातो, मला यात काहीतरी दिसतं. रोग्लिचने तो टप्पा थॉमसपेक्षा चाळीस सेकंदांनी जिंकला आणि जिरो चौदा सेकंदांनी. तीन आठवड्यांनंतर चौदा सेकंद. मी हे सांगताना गळा अजून दाटून येतो.

टूरबद्दल लवकर सांगतो कारण ती शेवटी एकतर्फी झाली. आपल्या टीमचा, डेन्मार्कचा विंगेगोर आणि दुसऱ्या टीमचा पोगाचार दोघं शेवटच्या आठवड्यापर्यंत सेकंदासेकंदाने भांडत होते, मग एका टाइम ट्रायलमधे विंगेगोरने त्याच्यावर मिनिटाच्या वर वेळ काढला आणि दुसऱ्या दिवशी कोल द ला लोझ नावाच्या घाटावर पोगाचार मोडला. शेवटी साडेसात मिनिटांचा फरक.

आणि आता ज्याच्यासाठी मी आज इथे आलो तो माणूस, ह्याच टीमचा सेप कुस. अमेरिकेतल्या कोलोरॅडोचा, डोंगरातला. काम, चढावर पुढे राहून वारा खायचा आणि लीडरला वर न्यायचं. मागे गाडीपर्यंत जायचं, जर्सीत पाण्याच्या सहा-आठ बाटल्या कोंबायच्या आणि परत पुढे येऊन वाटायच्या. मे महिन्यात रोग्लिचला जिरोत वर नेलं. जुलैत विंगेगोरला टूरमधे, त्यात विसाव्या टप्प्यावर आपटला, तोंड रक्ताने भरलं, तरी पूर्ण केली. मग तोच माणूस त्याच वर्षी वेल्टालाही गेला. तीन रेस मिळून त्रेसष्ट टप्पे, साडेनऊ हजार किलोमीटरच्या वर.

वेल्टात सहाव्या टप्प्याला कुस पुढे निघालेल्या गटात होता, टप्पा जिंकला आणि आठव्या टप्प्यानंतर लाल जर्सी त्याच्या अंगावर. म्हणजे ओव्हरऑलमधे पहिला. आणि त्याच टीममधे दोन लीडर, रोग्लिच आणि विंगेगोर, दोघंही त्याच्या मागे.

१३ सप्टेंबर, अँग्लिरूचा डोंगर, स्पेनमधला सगळ्यात कडू चढ, काही ठिकाणी तेवीस टक्क्यांच्या वर, म्हणजे चालत जाताना पण टाच टेकत नाही. त्या दिवशी कुसचा एकोणतिसावा वाढदिवस. शेवटच्या किलोमीटरांत रोग्लिच आणि विंगेगोर दोघं त्याला सोडून पुढे गेले. आपल्याच माणसाला. ज्याने वर्षभर त्यांच्यासाठी वारा खाल्ला त्याला. मी दुकानात होतो, तीन-चार जण होते आमच्या ग्रुपचे, आणि अक्षरशः भांडण झालं. एक म्हणे रेस आहे, जो ताकदवान तो जिंकला पाहिजे. मला ते तेव्हा पटलं नाही आणि आजही पटलेलं नाही. ताकदीचा हिशोब काय फक्त त्या एका तासाचा? बाकी पाच महिने त्याने दोघांना कुठून कुठे नेलं ते कुठल्या वहीत लिहायचं?

आणि त्या चढावर कुसला कुणी वर आणलं माहितीये, मिकेल लांडाने. दुसऱ्या टीमचा. कुस त्याच्या चाकाला धरून वर आला आणि जर्सी वाचली, आठ सेकंदांनी. आठ. चेन उतरली असती तर गेली असती.

त्यानंतर टीमने ठरवलं की आता कुससाठीच सगळे. पुढच्या टप्प्यांवर तेच दोघं त्याच्यासोबत राहिले, आणि विसाव्या टप्प्याला तिघं रेषेवर एकत्र आले. माद्रिदमधे १७ सप्टेंबरला कुस पहिला, विंगेगोर सतरा सेकंदांनी दुसरा, रोग्लिच तिसरा. एका वर्षात जिरो, टूर आणि वेल्टा तिन्ही जिंकणारी ही इतिहासातली पहिली टीम. मी त्या रात्री शटर अर्ध्यावर ओढून एकटाच बसलो होतो आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, खोटं कशाला सांगू.

मला नेहमी वाटतं की नाशिककरांना हे जास्त कळतं. २०१५ ला आपले डॉक्टर महाजन बंधू अमेरिकेत रेस अक्रॉस अमेरिका पूर्ण करून आले, एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत, पावणेपाच हजार किलोमीटरच्या वर, दोघांनी आलटून पालटून चालवत. पण त्यांच्या मागे गाडी होती, गाडीत रात्री जागणारी माणसं होती. आषाढीच्या आधी इथून सायकलवारी पंढरपूरला जाते तेव्हाही मागे टेम्पो असतो, त्यात ट्यूब, पंप आणि तेलाची बाटली.

२०२४ पासून जम्बो हे नाव गेलं, टीम विस्मा-लीज अ बाइक झाली. रोग्लिच दुसऱ्या टीममधे गेला. आणि २०२५ चं वेल्टा विंगेगोरने जिंकलं. मी ते बघत होतो, चढ सुरू झाला, गट फुटत गेला, आणि विंगेगोरच्या पुढे वारा खात असलेल्या पिवळ्या जर्सीकडे बघून पोरगा मला विचारतो, बाबा हा कोण, आणि मी म्हटलं, हा कुस, अरे हा कधी काळी वेल्टा जिंकलेला आहे. पोरगा म्हणाला, मग पुढे का आहे? मी म्हटलं, बघ ना, चाकाला चिकटून मागे कोण आहे ते.